रान माजलेल्या परसात फुलांचे वाफे: कोयत्याआधी ऊन मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंडा तालुक्यात जुने घर, मागे साधारण 400 चौरस मीटरचे परस. दहा-बारा वर्षे कुणी हात लावलेला नाही. आंबा, फणस, दोन माड आणि एक बकुळ एवढी जुनी झाडे. त्यांच्या मधल्या जागेत आकेशिया, चांदाडे, घाणेरी, रानमोडी आणि वेली. तिथे देवाच्या फुलांचे वाफे करायचे आहेत. जेसीबीवाला एका दिवसात सगळे साफ करून देतो म्हणतो. करू द्यावे का, आणि नाही तर सुरुवात कुठून?

जेसीबी अजिबात आणू नका. आपल्याकडच्या जांभ्याच्या जमिनीत काळसर, भुसभुशीत माती असते ती वरची जेमतेम वीतभर. दहा वर्षांच्या पाल्याने ती तयार केलेली आहे आणि या सगळ्या परसातली खरी दौलत तीच. यंत्राचे पाते नेमकी तीच खरवडून कोपऱ्यात ढीग करते, खाली लाल चिकण किंवा कातळ उघडा पडतो आणि चाकांखाली तो आणखी दडपतो. आंब्याची अन्न घेणारी मुळे वरच्या थरातच पसरलेली असतात, ती तुटतात. झाड लगेच काही दाखवत नाही. दोन-तीन वर्षांनी शेंडे वाळायला लागतात, तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहिलेले नसते. शिवाय गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उघडी पडलेली 400 चौरस मीटर जमीन पहिल्या जूनमध्येच गटारातून वाहून जाईल.

म्हणून हिशेब असा ठेवा: पावसाआधी जेवढे झाकता येईल तेवढेच उघडे करायचे. पहिल्या वर्षी सहा वाफे आणि त्यांच्या वाटा मिळून 40 ते 50 चौरस मीटर पुष्कळ झाले. बाकीचे रान कोयत्याने गुडघाभर उंचीवर छाटून ठेवा, मुळासकट काढू नका. ते तुमची माती धरून ठेवील.

आधी ऊन

कुठे काय लावायचे हे जमिनीपेक्षा ऊन ठरवते, आणि गोव्यात ऊन वर्षभर एका जागी राहत नाही. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. 10 मीटर उंच झाडाची सावली तेव्हा उत्तरेला सुमारे 8 मीटर पडते. मेच्या सुरुवातीला तोच सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जूनमध्ये किंचित उत्तरेलाही जातो. याचा अर्थ, आंब्याच्या उत्तरेची जी जागा एप्रिल-मेमध्ये लख्ख दिसते ती शेवंतीच्या ऐन हंगामात, डिसेंबरात, दिवसभर सावलीत असते. मे महिन्यात जागा बघून वाफे आखणारे इथेच फसतात.

परसात दहा-बारा काठ्या रोवा, प्रत्येकीला नंबर द्या. मळभ नसलेल्या एका दिवशी सकाळी 8 पासून संध्याकाळी 5 पर्यंत दर तासाला फेरी मारून कुठल्या काठीवर थेट ऊन आहे ते वहीत मांडा. एकदा डिसेंबरात, एकदा एप्रिलात. पानांतून गळणारे कवडसे अर्धे धरा. सहा तास किंवा जास्त ऊन मिळते तिथे झेंडू, मोगरा, शेवंती, जास्वंद. तीन ते पाच तास असेल तर अबोली, जाई, तगर, अनंत, पिटकुळी (इक्सोरा). त्याहून कमी असेल तर सोनटक्का, भुईचाफा, रानहळद. मोगरा सावलीत मरत नाही, म्हणूनच फसवतो: हिरवागार वाढतो, लांब फांद्या टाकतो आणि कळी धरत नाही. अशा मोगऱ्याला लोक खत घालत राहतात. त्याला खत नको, ऊन हवे.

कुठले झाड ठेवायचे

आंबा, फणस, माड, बकुळ ठेवा, यात दुमत नसावे. आकेशियाची फांदी ठिसूळ असते, पावसाळी वाऱ्यात मोडते, आणि त्याची पाने कुजायला फार वेळ घेतात. चांदाडा भराभर वाढणारा, मऊ लाकडाचा. हे दोन्ही टप्प्याटप्प्याने काढता येतील. पण झाड तुमच्या जमिनीत असले तरी तोडण्याआधी परवानगी लागते. 1984 च्या गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करा. कोणती झाडे, किती, कशासाठी हे लिहा आणि काठ्यांचा नकाशा जोडा. झुडपे आणि वेली काढायचे काम तोवर चालू ठेवता येते.

बऱ्याचदा झाड तोडायची गरजच नसते. खालच्या फांद्या जमिनीपासून 3 मीटरपर्यंत काढल्या की सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत येते आणि वाफ्याला दोन-तीन तास वाढवून मिळतात. मात्र एका वर्षात झाडाच्या एकूण पर्णभाराचा चौथा हिस्सा, त्यापेक्षा जास्त काढू नका. आंब्याची छाटणी आंबे उतरल्यावर लगेच, पाऊस बसायच्या आत उरका. मोहोराच्या तोंडावर छाटलात तर त्या वर्षीचे आंबे विसरा.

मनगटाएवढी किंवा जाड फांदी तीन कापांत काढायची. पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या चार बोटे पुढे, वरून, आरपार. आता वजन उतरले. तिसरा काप खोडाजवळ, पण खोडाला चिकटून नव्हे. फांदी जिथे निघते तिथे सालीची सुरकुतलेली, फुगीर कडी असते. त्या कडीच्या बाहेरून कापा. जखम बुजवणारी साल तिथूनच येते. कडीसकट छाटले की जखम मिटत नाही, आणि आपल्या पावसात तिथून कूज खोडात उतरते. एकाच कापात वरून कापायला गेलात तर फांदी खाली पडताना खोडाची साल वीत-दोन वीत सोलून नेते.

कापावर बोर्डो मलम लावा: 100 ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र ढवळायचे. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्या, लोखंडाचे नको. तयार मलमात स्वच्छ लोखंडी खिळा पाच मिनिटे बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. त्याच दिवशी वापरून संपवा.

साफसफाई

दिवाळीनंतर, जमिनीत थोडी ओल असतानाच सुरू करा. जानेवारीनंतर जांभ्याची माती इतकी घट्ट होते की मुळे उपटत नाहीत, तुटतात.

अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, गमबूट, चामड्याचे हातमोजे. पाल्याच्या ढिगात, जुन्या चिऱ्यांच्या राशीत, माडाच्या पडलेल्या चुडतांखाली घोणस, फुरसे, मण्यार असू शकतात. प्रत्येक ढीग आधी लांब काठीने हलवा, चिरा पहारीने आपल्यापासून पलीकडे उलटवा, उघड्या हाताने नको. साप चावला तर बांधाबांध, जखमेला ब्लेडने चीर देणे असले काही करू नका. तो हात-पाय न हलवता 108 ला फोन करून थेट इस्पितळ. सत्तरी तालुक्याच्या बाजूला 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत आणि तो गोचिडांतून पसरतो. रानालगतच्या परसात काम केले की संध्याकाळी कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करताना काखा, जांघा, कानामागे बघा. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

दोन झाडे ओळखून ठेवा. बिब्ब्याचा चीक कातडीवर फोड आणतो, त्याचे लाकूड जाळले तर धूरही त्रास देतो. खाजकुयलीच्या वाळलेल्या शेंगांवरची लव उडाली की दिवस वाया गेला. ती वेल शेंगा हिरव्या असतानाच बुंध्याशी कापा. वरचा भाग खाली ओढू नका.

घाणेरी नुसती कापली तर पावसात एका बुंध्याला पंधरा धुमारे फुटतात. तिचा फुटवा येतो तो जमिनीच्या लगतच्या गड्ड्यातून. बुंध्याभोवतीची माती पिकावाने (टोकदार कुदळीने) मोकळी करून सोटमूळ जमिनीखाली चार-पाच बोटांवर तोडा आणि गड्डा उपटून मुळे वर करून उन्हात उलटा टाका. रानमोडीचे बी वाऱ्याने जाते आणि ती थंडीत फुलते, तेव्हा डिसेंबरात पांढुरक्या फुलोऱ्याआधीच ती काढलेली बरी. लव्हाळ्याला मात्र कुदळीने तोडू नका. एकेक गाठ वेगळी होऊन दहापट होते. वाफ्याच्या जागी लव्हाळा असेल तर एप्रिल-मेमध्ये जमीन चांगली भिजवून वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत पुरा आणि सहा आठवडे ठेवा. खालच्या तापाने तणाचे बी आणि कोवळे कोंब मरतात. लव्हाळ्याच्या खोल गाठी यानेही सगळ्या जात नाहीत, पण उरलेल्या हाताने काढण्याजोग्या राहतात. काळे प्लास्टिक इतकी उष्णता खाली पोचवत नाही, आणि सावलीच्या जागी हा उपाय फुकट.

निघालेला पाला जाळू नका. कोंबड्यांच्या जाळीचा मीटरभर व्यासाचा गोल पिंजरा करा, त्यात वीतभर पाला, वर शेणाचे पातळ पाणी, पुन्हा पाला असे थर द्या. आंबा, फणस, काजूची पाने जाड असतात. ती कोयत्याने चिरून घातली तर सहा-आठ महिन्यांत पानखत होते, अख्खी घातली तर वर्षही पुरत नाही. पावसाळ्यात वर झाप घाला. परसात माड आहेत म्हणून एक गोष्ट न चुकता करा: दर महिन्याला हा ढीग खालपर्यंत उलटा. गेंड्या भुंगा अशाच कुजणाऱ्या ढिगात अंडी घालतो. करंगळीपेक्षा जाड, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या दिसल्या की वेचून मारा, नाहीतर पुढच्या वर्षी माडांचे शेंडे कातरलेले दिसतील.

वाफा बांधणे

वाफा 3 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो, आत पाय ठेवावा लागत नाही. भिंतीलगतचा असेल तर रुंदी 60 ते 75 सेंटिमीटर. वाटा निदान 50 सेंटिमीटरच्या, घमेले घेऊन चालता येईल अशा. कडेला चिरे लावा, पण सिमेंटने सांधू नका. दर मीटरला दोन चिऱ्यांत दोन बोटांची फट सोडा. जुलैच्या पावसात ती फटच वाफा वाचवते. फटी बुजवून हौदासारखा बांधलेला वाफा आठवडाभर पाण्याने भरून राहतो आणि अबोलीची मुळे कुजतात. चिऱ्यांची उंची जमिनीवर 25 सेंटिमीटर धरा.

आधी खालची मूळ जमीन पिकावाने वीतभर सैल करा, उलटवू नका. तळाला नारळाची सोडणे (वरची काथ्याची टरफले) पोकळ बाजू वर करून एका थरात मांडा. उन्हाळ्यात ती ओल धरून ठेवतात. वाळवीचा माग दिसत असेल तर सोडणांवर निंबोळी पेंड भुरभुरा. वाफ्याचे आकारमान 0.9 घनमीटर, म्हणजे 12 लिटरच्या घमेल्याने 75 घमेली. त्यात 38 घमेली तुमचीच वरची माती (वाटांच्या जागेवरून वीतभर खरवडून घ्या, ती बाहेरून आणायची गरज नाही), 19 घमेली पूर्ण कुजलेले शेणखत, 18 घमेली पानखत. पहिल्या वर्षी पानखत तयार नसेल तर झाडांखालचा अर्धवट कुजलेला काळा थर चाळून घ्या. वर निंबोळी पेंड दर चौरस मीटरला 200 ग्रॅम. पहिल्या पावसात सगळे चार-पाच बोटे खाली बसेल, घाबरू नका. समुद्राची रेती घालायचा मोह टाळा, तिच्यातला खार मुळे जाळतो.

चुन्याबद्दल. जांभ्याची माती आंबट असते, हे खरे. पण म्हणून सरसकट चुना घालणे चूक. आधी माती तपासून घ्या. तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे इथल्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. पाच-सहा ठिकाणची, वीतभर खोलीपर्यंतची माती मिसळून अर्धा किलो नमुना सावलीत वाळवून द्यायचा. चुना सुचवला तर तो शेणखताच्या तीन-चार आठवडे आधी मिसळा. दोन्ही एकदम घातले तर खतातला नत्र वायू होऊन उडून जातो. पिटकुळी आणि अनंत यांच्या वाफ्यात चुना घालूच नका. त्यांना आंबट माती लागते. घराच्या भिंतीलगत लावलेली पिटकुळी पिवळी पडते, पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. गिलाव्यातला चुना-सिमेंट मातीत उतरून तिला लोह मिळत नाही. भिंतीपासून दोन हात दूर लावली तर हा त्रास होत नाही.

झाडाखालची गोष्ट वेगळी. आंब्या-फणसाच्या बुंध्याभोवती चिऱ्यांचा गोल बांधून त्यात हातभर माती भरलेली गावोगाव दिसते. दिसायला छान, पण झाडाला ती गळफास आहे: बुंध्याची साल सतत ओली राहून कुजते, खालच्या मुळांना हवा मिळत नाही. बुंध्यापासून निदान दीड मीटर जागा मोकळी सोडा. त्याबाहेर वाफा न बांधता, मुळांच्या मधे हाताला लागतील तेवढेच खड्डे करून भुईचाफा, रानहळद, सोनटक्का यांचे गड्डे लावा. अंगठ्यापेक्षा जाड मूळ आले तर खड्डा सरकवा, मूळ तोडू नका.

आणि हे गड्डे विकत आणण्याआधी एक पावसाळा तुमचे रान बघा. रानहळद, कळलावी उन्हाळ्यात जमिनीत झोपलेली असतात. वर काहीच नसते म्हणून ती साफसफाईत निघून जातात. जूनमध्ये जिथे कोंब येतील तिथे काठी रोवून ठेवा. कळलावीचा गड्डा मात्र जहाल विषारी, मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

लागवड

झुडपे आणि वेली जूनमध्ये, जमीन दोन-तीन पावसांत पूर्ण भिजल्यावर. जुलैच्या मुसळधारेत काही लावू नका. राहिले तर सरळ ऑगस्टच्या शेवटी. जाईला मांडव किंवा कुंपण द्या. ती पावसाळ्यात भरभरून फुलते. म्हार्दोळला महालसेच्या देवळात ऑगस्टच्या सुमारास जायांची पूजा होते ती याच बहरावर. तुमच्या तालुक्यातली माती आणि हवा तिला मानवते याचा यापेक्षा चांगला पुरावा नको.

अबोली 30 ते 40 सेंटिमीटरवर लावा. वाळलेली बोंडे पाण्याचा थेंब पडताच तडकन फुटून बी उडवतात, म्हणून बी धरायचे तर पहाटेच्या दवाआधी बोंडे काढून कागदी पिशवीत ठेवा. अबोली बसल्याबसल्या मलूल झाली तर एक झाड उपटून मुळे धुवा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी आहे. त्या वाफ्यात पुढचे वर्षभर अबोली नको, झेंडू लावा आणि निंबोळी पेंड दुप्पट करा.

दसऱ्याला झेंडू हवा असेल तर दिवस मागे मोजा: रोप 25 ते 30 दिवसांचे लावायचे, त्यानंतर फूल यायला साधारण दोन महिने. म्हणजे बी तीन महिने आधी, पावसातच, ओसरीवरच्या ट्रेमध्ये. लावणीनंतर तीन आठवड्यांनी शेंडा खुडा, फुटवे वाढतात. मोगऱ्याची छाटणी डिसेंबर-जानेवारीत गुडघ्याएवढी उंची ठेवून करा. आधी दोन आठवडे पाणी तोडा, छाटल्यावर खत आणि पाणी एकदम सुरू. मार्चपासून कळ्या.

पावसात रात्री विजेरी घेऊन आफ्रिकन गोगलगाई वेचा. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट वाफ्यांमध्ये टाकले की त्या खाली जमतात. पहाटे उचलून दाट मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. बादली वाफ्यात ओतू नका. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण: लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल आणि 5 ग्रॅम साबण, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, आठवड्याने पुन्हा. खोडावरून चढणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त केला नाही तर तो परत येतो, कारण मुंग्याच त्याला झाडाझाडांवर वाहून नेतात.

नोव्हेंबरपासून वाफ्यावर तीन बोटे पाला पसरा, खोडाला चिकटू न देता. एप्रिल-मेमध्ये एका वाफ्याला सकाळी 20 लिटर पाणी पुरते. पाल्याखाली बोट खुपसून दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर त्या दिवशी देऊ नका. आकेशिया काढलेल्या जागी पहिल्या पावसात त्याची शेकडो रोपे उगवतील. चार बोटांची असताना ओल्या मातीतून ती नुसत्या चिमटीने निघतात, ऑक्टोबरपर्यंत थांबलात तर पुन्हा पिकाव लागेल. पुढच्या दिवाळीनंतर कोयता पुन्हा काढाल तेव्हा पहिल्या वाफ्यांच्या लगतचीच पट्टी घ्या, लांबची नव्हे. म्हणजे तण एकाच कडेने येते आणि ती एक कड राखणे जमते.